शेंगदाण्याच्या पुडीतली पोरगी

ऑइल पेंट वाळायला वेळ लागतो. आमच्या दुकानात एवढे किस्से जमतात, ते याच कारणाने. नंबर प्लेट न्यायला आलेला माणूस प्लेट ओली आहे म्हणून स्टुलावर बसतो, चहा पितो आणि बसल्याबसल्या काहीतरी बोलून किंवा करून जातो. तो गेला की प्रल्हाद त्याची नक्कल करतो. दोन-चार वेळा नक्कल झाली की तिचा किस्सा होतो. मी स्वतः फार बोलत नाही. सर फळ्याजवळ बोलवायचे म्हणून मी नववीत शाळा सोडली असं घरचे सांगतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण न बोलणाऱ्याकडे किस्से साठून राहतात. कुठेतरी ते रिकामे करावे लागतात.

दुकान पाचोऱ्याला, स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर. मालक आबा. ते आमच्याच भाऊबंदांतले, म्हणून शाळा सुटल्यावर वडिलांनी मला त्यांच्याकडे आणून सोडलं. प्रल्हाद माझ्याआधीपासून तिथे. तो अक्षरं लिहितो, मी चित्रं करतो. पण पूर्ण चित्र नाही.

कारण दुकानाचा एक नियम आहे. माणूस असो, बैल असो की पोपट, डोळे आबाच काढणार. त्यासाठीचा बारीक ब्रश ते शर्टाच्या खिशात पेनासारखा लावून ठेवतात. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मी पाहिला नव्हता. "चित्र कोणीबी काढतं," आबा म्हणायचे. "डोळे देतो तो पेंटर. बाकीचे रंग भरणारे."

वडील बाजाराला पाचोऱ्याला यायचे तेव्हा दुकानात डोकवायचे आणि एकच विचारायचे, "डोळे काढू देतात का?"

मी नाही म्हणून मान हलवायचो. ते पिशवी उचलून बाजारात जायचे.

०००

गुलाबभाऊंच्या डेअरीचा बोर्ड होता. उद्घाटन ठरलेलं, आणि आबा नेमके धुळ्याला लग्नाला गेलेले. गाय मी तयार केली. शिंगं, गळ्यातली घंटा, बाजूला वासरू, सगळं झालं. डोळ्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या ठेवल्या.

गुलाबभाऊ म्हणाले, "दोन ठिपके दे ना रे. कोण बघतंय?"

मी म्हणालो, "आबा बघतील."

बोर्ड तसाच लागला. सकाळी पहिलंच गिऱ्हाईक एक म्हातारी होती. ती तांब्या घेऊन बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "गाय आंधयी शे का रे भाऊ?"

गुलाबभाऊ दूध मापत म्हणाले, "नाही आजी. दूध आजपासून देते. बुधवारपासून बघणार आहे."

बुधवारी आबा आले. शिडी लावली, खिशातून ब्रश काढला आणि चहा निवायच्या आत खाली उतरले. तेव्हापासून ती गाय रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघते. मी शिडी धरून उभा होतो. तिथून पाहूनही त्यांनी काय केलं ते मला कळलं नाही.

०००

त्या दिवसांत रविवारी सकाळी टीव्हीवर एक जपानी कार्टून हिंदीतून लागायचं. गावातली पोरं त्यासाठी टीव्हीवाल्यांच्या घरी जाऊन बसायची. आम्ही दुकान उघडं ठेवायचो, त्यामुळे आम्ही ते ऐकलं होतं, पाहिलं कमी होतं.

एके दिवशी प्रल्हादने स्टेशनवरून शेंगदाणे आणले. पुडीचा कागद परदेशी रद्दीतला होता. दाणे संपल्यावर मी तो उलगडला, तर आत जपानी अक्षरं आणि त्या कार्टूनच्याच जातीच्या एका पोरीची चित्रं. एवढेसे ओठ, नाक जवळजवळ नाहीच, केस निवडुंगासारखे टोकदार आणि डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे. तिच्या शेजारी तीच पोरगी, पण केस नसलेली. तिच्या शेजारी नुसत्या रेघांची. असं करत करत ओळीच्या शेवटी फक्त एक अंडं, आणि अंड्यावर अधिकचं चिन्ह.

"चित्र शिकवायचा कागद आहे," मी म्हणालो.

आबांनी तो चष्म्याजवळ धरला. एकेका चित्रावरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले. "आधी पूर्ण पोरगी काढायची," ते म्हणाले. "मग केस पुसायचे. मग डोळे पुसायचे. आणि अंड्यावर थांबायचं."

"पण कशासाठी?" प्रल्हादने विचारलं.

"जपानी लोकं आहेत. त्यांनी काही विचार केलाच असेल."

०००

पुढच्याच आठवड्यात एका बालवाडीच्या बाई आल्या. भिंतीवर टीव्हीतल्यासारखी पोरगी पाहिजे म्हणाल्या. मी एसटीडी बूथच्या पिवळ्या बोर्डावर अडकलो होतो, म्हणून प्रल्हाद गेला. त्याने कागद बरोबर नेला. प्रल्हाद चित्रात कच्चा आहे, पण सांगितलं ते करण्यात पक्का.

सकाळी बाईंनी पाहिलं तेव्हा भिंतीवर पोरगी होती. डोळे आबा नंतर येऊन काढणार होते. बाई म्हणाल्या, "छान."

दुपारच्या डब्याला त्या पुन्हा बाहेर आल्या, तेव्हा पोरीचं टक्कल झालं होतं. एका पोराने विचारलं, "बाई, ती आजारी आहे का?"

संध्याकाळी आबा ब्रश घेऊन पोचले, तर डोळे काढायला चेहराच उरला नव्हता. भिंतीवर पुरुषभर उंचीचं अंडं होतं, आणि त्यावर लाल अधिकचं चिन्ह. प्रल्हाद हात पुसत होता.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

प्रल्हादने कागद दाखवला. "शेवटची पायरी."

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष स्कूटरवरून आले. भिंतीकडे बघून त्यांनी स्कूटर बंद केली आणि म्हणाले, "बाई, बालवाडी बंद करून दवाखाना काढला, तर मला सांगायचं तरी."

०००

आमच्या समोर शफीभाईंचं दुकान आहे. ते उर्दू बोर्ड लिहितात. त्यांच्याकडे पिवळा रंग संपला की ते आमच्याकडे येतात, आमचा संपला की आम्ही जातो. अंड्याचा किस्सा ऐकून ते कागद बघायला आले. त्यांनी तो हातातही घेतला नाही. नुसतं अंड्यावर बोट ठेवलं.

"इधर से शुरू करो ना. उधर से कायको पढ़ते?"

आम्ही तिघंही कागदावर वाकलो.

"हमारे में भी ऐसाच है," शफीभाई म्हणाले, आणि अंड्यापासून बोट डावीकडे सरकवत केसांपर्यंत नेलं. आमच्या डोळ्यांदेखत पोरगी तयार झाली.

आबांनी कागद पुन्हा चष्म्याजवळ धरला. "म्हणजे पोरगी अंड्यातून निघते?"

"हां."

"मग ठीक आहे," आबा म्हणाले. "मी म्हणतच होतो, काही विचार असेल."

प्रल्हाद पांढऱ्या रंगाचा डबा उचलून बालवाडीकडे गेला.

०००

आता शिकायला हरकत नव्हती. अंडं मला यायला लागलं. अधिकच्या चिन्हाच्या आडव्या रेघेवर डोळे बसतात, उभ्या रेघेने नाक-तोंड मधोमध राहतं, हेही कळलं. पण रेघांच्या चित्रात डोळ्यापासून एक बाण वर गेला होता, आणि बाणाच्या टोकाला कागद संपत होता. डोळा कसा काढायचा ते नेमकं वरच्या तुकड्यात होतं, आणि तो तुकडा फाटून दुसऱ्या कोणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेला होता.

शेंगदाणेवाले धुडकूनाना स्टेशनच्या दाराशी बसायचे. मला त्यांना म्हणायचं होतं एवढंच, की नाना, तुमची रद्दी बघू द्या. पण ते मला जमेना. त्यांच्यासमोर गेलो की तोंडातून "एक पुडी" एवढंच निघायचं. मग मी रोज पुडी घ्यायला लागलो. पुडी घ्यायची, दाणे खिशात ओतायचे, कागद सरळ करून बघायचा. एकदा टाय लावलेला माणूस निघाला. एकदा भात शिजवायचं यंत्र. एकदा एक मांजर निघालं, त्याचे डोळे मिटलेले होते.

दुकानात सगळे शेंगदाणे खाऊ लागले. आबांना जळजळ सुरू झाली.

धुडकूनाना माझ्याकडे बारकाईने बघायचे. एक दिवस त्यांनी मला लांबून येताना पाहिलं आणि हाताने थांब म्हणून खूण केली. गोणपाटाखाली हात घालून त्यांनी एक वेगळी पुडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"तू रोजनं गिऱ्हाईक शे," ते म्हणाले. "तुले कागद आवडत नही, माले समजनं. तुन्हाकरता साफ मराठी पेपर आना."

०००

तुकडा शेवटी सापडला तो तराजूत. धुडकूनानांच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं. ते जड व्हावं म्हणून त्यांनी पारड्याच्या साखळीला एक कागद घडी घालून दोऱ्याने बांधला होता. घडीच्या बाहेर एक पापणी दिसत होती.

मी कसाबसा बोललो, "नाना, तो कागद."

"तो? तो काढा ते मना तराजू खोटा व्हई जाई."

दुसरा कागद बांधतो म्हणालो. ते म्हणाले, बांध, पण पारडी सारखी राहिली पाहिजेत. मी बोर्डाचा पुठ्ठा नेला, तो जड झाला. बिलाचा कागद नेला, तो हलका झाला. गिऱ्हाइकं खोळंबली आणि तीही सांगू लागली, अजून थोडं काप, अजून थोडं. एक हमाल डोक्यावर पोतं घेऊन, नजर काट्यावर ठेवून उभाच राहिला. शेवटी बोर्ड घासायच्या पॉलिश पेपरचा एक तुकडा नेमका बसला. काटा मधोमध थांबला तसा हमाल म्हणाला, "बस," आणि पोतं घेऊन गेला.

धुडकूनानांनी मला डोळा सोडून दिला.

०००

तुकड्यावर एकच डोळा होता, मोठा करून दाखवलेला. वरची पापणी जाड, खालची जवळजवळ नाहीच. मधे भलं मोठं काळं. आणि त्या काळ्यात पांढऱ्या ठिपक्याची जागा, रंग न भरता सोडलेली. तो ठिपका नसला तर डोळा म्हणजे नुसतं भोक. ठिपका आला की तो बघायला लागतो.

बोर्डावर डोळे काढायची मला परवानगी नव्हती, म्हणून मी रिकाम्या डब्यांवर काढले. मग भरलेल्या डब्यांवर काढले. एके सकाळी प्रल्हादने शटर वर केलं आणि तो पायरीवरच थांबला. फळीवरचे सगळे डबे त्याच्याकडे बघत होते.

नंबर प्लेट न्यायला आलेले एक मास्तर स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले. "मी बाहेर उभा राहतो," म्हणाले. "वाळली की हाक मारा."

मग आबा आले. त्यांनी एकेक डबा भिंतीकडे तोंड करून फिरवला. निळ्या डब्याशी आल्यावर मात्र थांबले. त्याचे डोळे मला बरे साधले होते. आबा त्याच्याकडे बघत राहिले.

"याच्यात आता ब्रश कसा घालायचा?" त्यांनी मला विचारलं.

मी हातातला ब्रश पाठीमागे नेला.

"डोळे द्यायचे म्हणजे पुढचा विचार करावा लागतो," आबा म्हणाले, आणि निळा डबाही भिंतीकडे फिरवला.

त्या आठवड्यात वडील आले. विचारलं. मी मान हलवली. डब्यांचं काही सांगितलं नाही.

०००

केळीवाल्या भिकाभाऊंनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे टीव्हीतली पोरगी काढून मागितली. त्यांच्या नातवाचा हट्ट होता. पोरगी मी केली, अंड्यापासून केसांपर्यंत. डोळ्यांच्या जागा बशीएवढ्या मोकळ्या ठेवल्या आणि आबांना बोलावलं.

आबांचा हात देवादिकांच्या चित्रांवर बसलेला. त्यांनी ब्रश काढला आणि नेहमीसारखे लांबट, शांत, देवीचे डोळे काढले. ते त्या बशांमध्ये दोन शेंगदाण्यांसारखे दिसत होते.

मी म्हणालो, "आबा, तिचे मोठे असतात." दिवसभरात मी तेवढंच बोललो.

"माझ्या हाताला हेच येतात," आबा म्हणाले.

भिकाभाऊ डोकं वाकडं करून बघत राहिले. "आबा, हाई पोर डोया बारीक करीसन काय देखी ऱ्हायनी?"

"तुझ्या मागून कोण येतं ते," आबा म्हणाले.

भिकाभाऊ ट्रॉली घेऊन गेले. पंधरवड्याने परत आले ते चेहरा पाडून. ट्रॉलीमागच्या पोरीच्या कपाळावर हळद-कुंकवाचा थर साचला होता. खाली खिळ्याला झेंडूची माळ लटकत होती.

"आबा, ट्रॉली कोठेबी उभी करो, बाया कुंकू लाई जातीस," भिकाभाऊ म्हणाले. "माले शेणखत भरनं शे. आते कसं भरू?"

आबांनी खिळ्यावरची माळ सरळ केली. मग म्हणाले, "शेणखत दुसऱ्याच्या ट्रॉलीतून ने."

०००

श्रावणात आमच्या कुळात कानबाई बसते. नारळाला हळद लावतात, नथ घालतात, डोळे काढतात आणि त्याची देवी होते. रविवारी ती बसते, सोमवारी नदीवर जाते. त्या दिवशी सगळे भाऊबंद एरंडोलजवळच्या गावात आबांच्या घरी जमतात, आणि कानबाईचे डोळे दरवर्षी आबा काढतात. दुसऱ्या कोणी काढल्याचं कोणाला आठवत नाही.

त्या वर्षी आदल्याच दिवशी आबा एका कापड दुकानाचा जुना बोर्ड उतरवायला शिडीवर चढले. बोर्डामागे गांधीलमाश्यांचं पोळं होतं. आबा शिडीवरून व्यवस्थित उतरले, पण तोवर दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. प्रल्हाद त्यांना एसटीत बसवताना म्हणाला, "आबा, तुम्ही आता त्या जपानी पोरीच्या अगदी उलट दिसता."

रविवारी आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. शर्ट स्वच्छ, खिशात ब्रश, डोळ्यांच्या जागी दोन फुगवटे. आत बायकांनी चौरंग मांडला. आबांच्या थोरल्या वहिनी, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, नारळ घेऊन दारात आल्या.

"बठ्ठं तयार शे. डोया कोन काढी?"

"थांबा थोडं," आबा म्हणाले. "उद्यापर्यंत उघडतील."

"मंग तिले रातभर आंधयी ठेवसूत का?"

अक्कांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "हाऊ पोऱ्या बी पेंटरच शे ना?"

वडील माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "त्याला अजून डोळे देत नाहीत, अक्का." एवढ्या लोकांत त्यांना ते बोलावं लागलं. बोलून झाल्यावर ते जमिनीकडे बघू लागले.

मी आबांकडे पाहिलं. त्यांना मी दिसत नव्हतो. त्यांचा हात खिशाकडे गेला, ब्रशवर थांबला आणि तिथेच राहिला.

अक्कांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला. काजळाची डबी दिली, काडीला कापूस गुंडाळून दिला, एका वाटीत तांदळाचं पीठ कालवून दिलं.

नारळ हातात घेतला आणि मला शफीभाईंचं बोट आठवलं. हे अंडंच होतं. आडवी रेघ कुठे, उभी कुठे, ते मी मनातल्या मनात पाहिलं. आबांसारखे लांबट डोळे काढायचे असं ठरवलं होतं. पण माझ्या हाताला एकच डोळे येत होते. वरची पापणी जाड झाली. मधे भलं मोठं काळं आलं. तांदळाच्या पिठाचा एक ठिपका उजव्या डोळ्यात ठेवला, आणि तेवढ्यात आतून कोणीतरी वेळ झाली म्हणून हाक मारली. अक्कांनी नारळ उचलून नेला.

चौरंगावर कानबाई बसली आणि घरातला गलबला थांबला. नथ होती, कुंकू होतं, हार होता, आणि अर्ध्या चेहऱ्याएवढे डोळे होते. गाणं सुरू करायला बसलेल्या बायकांनी तोंडं उघडली ती तशीच राहिली.

"कशी झाली?" आबांनी ओसरीवरून विचारलं.

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली.

अक्का पुढे झाल्या. चौरंगापुढे वाकून त्यांनी कानबाईचा चेहरा नीट पाहिला. मग कानशिलावर बोटं मोडली.

"औंदा कानबाई धाकली पोर व्हईसन उनी," त्या म्हणाल्या, आणि गाणं सुरू झालं.

सोमवारी सकाळी सगळे नदीवर निघाले. ढोलवाले अंगणात आले होते. अक्कांनी कानबाईला चौरंगावरून पाटावर घेतलं आणि पाट उचलला, तेव्हा आबा ओसरीवरून उठले.

"थांबा."

त्यांचा एक डोळा किंचित उघडला होता. दोन बोटांनी पापणी वर धरून ते जवळ आले आणि बघत राहिले. ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली केल्या. अक्का पाट हातात धरून उभ्या होत्या. मी वडिलांच्या मागे उभा होतो.

"डाव्या डोळ्यात पांढरं राहिलं," आबा म्हणाले.

पापणीवरचा हात तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातला ब्रश काढला आणि माझ्यापुढे धरला.

वडील बाजूला झाले. कोणीतरी पिठाची वाटी आणली. मी ठिपका ठेवला.

अक्कांनी मान खाली करून पाहिलं.

"आते देखी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या, आणि पाट डोक्यावर घेतला.